वीज उलटी फिरली, हे लोखंडाला कसं कळतं?

फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं पहिली दहा-अकरा वर्षं बॅटरीवाचून काही अडत नव्हतं. १९०८च्या ऑक्टोबरात बाजारात आलेल्या या गाडीच्या फ्लायव्हीलवरच व्ही आकाराचे १६ चुंबक बोल्टने आवळलेले असत आणि त्यांच्यासमोर एका स्थिर चौकटीवर १६ वेटोळी. इंजिन फिरलं की चुंबक वेटोळ्यांसमोरून धावत आणि ठिणगीपुरती वीज जागच्या जागी तयार होई. १९१५पासून पुढचे दिवेही याच मांडणीवर, म्हणजे मॅग्नेटोवर, जळू लागले. त्यांची एक खोड मात्र कुणालाच काढता आली नाही. मोकळ्या रस्त्यावर इंजिन जोरात असलं की दिवे लख्ख, आणि खाचखळग्यांतून हळू जायची वेळ आली, म्हणजे उजेड खरोखर हवा तेव्हा, ते मिणमिणायचे. गाडी सुरू करायची तर पुढे उभं राहून हँडल मारायचं. मनगट सांभाळून.

दरम्यान ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने हँडलचा बंदोबस्त केला होता. केटरिंग आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातला गल्ला विजेवर चालावा म्हणून त्याने तिथे एक छोटी मोटर बसवली होती. ती दिवसभर फिरायची नाही. क्षणभर जोर लावायची आणि थांबायची. इंजिनालाही असाच क्षणाचा जोर पुरतो, हे त्याने हेरलं. त्याच्या डेल्को कंपनीचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकवर आला आणि श्रीमंतांच्या गाडीतून हँडल हळूहळू हद्दपार होऊ लागलं. मॉडेल टी ही गरिबांची गाडी, म्हणून तिला १९१९ची वाट पाहावी लागली. त्या वर्षी स्टार्टर, जनरेटर आणि ६ व्होल्टची बॅटरी असा संच बंद टपाच्या फोर्डवर येऊ लागला, आणि उघड्या गाड्यांवर ७५ डॉलर जास्तीचे मोजणाऱ्यांना मिळू लागला.

स्टार्टरचं कौतुक सगळ्यांनीच केलं आहे. या लेखाला त्याच्यात रस नाही. रस आहे तो त्या संचाबरोबर गुपचूप आलेल्या एका पत्र्याच्या डबीत. बहुतेक गाड्यांत ती जनरेटरच्या डोक्यावरच बसवलेली असते. आत एक लोखंडी गाभा, त्यावर तारेची दोन वेटोळी, एक हलती पट्टी, एक स्प्रिंग, एकमेकांवर टेकणाऱ्या पॉइंटची एक जोडी. बस्स. आपल्याकडच्या गॅरेजांत पुढे पन्नास वर्षं ज्याला ‘कटआउट’ म्हणत, ते हेच.

आधी त्याचं काम काय ते पाहू. स्टार्टरने बॅटरीतून घेतलेली वीज जनरेटरने परत भरायची, एवढा सरळ व्यवहार. त्यासाठी जनरेटर आणि बॅटरी तारेने जोडायला हवीत. पण इंजिन बंद झालं की जनरेटर म्हणजे तांब्याची एक जाडजूड गुंडाळी उरते, अगदी कमी रोधाची. तार जोडलेलीच राहिली तर बॅटरी तिच्यातून वाहायला लागते. जनरेटरच्या बाजूने पाहिलं तर त्याला मोटर व्हायचं असतं. पण त्याच्या दातेरी चाकापलीकडे अख्खं इंजिन अडून बसलेलं, तो फिरणार कसा? मग वीज नुसती उष्णता होऊन जाते आणि काही तासांत बॅटरी उतरते. इंजिन अगदी हळू चालत असतानाही तोच प्रकार. जनरेटरचा दाब बॅटरीपेक्षा कमी असला की प्रवाह उलटा.

विहिरीवरच्या पंपाला खाली फूट व्हॉल्व असतो, तशी ही गरज आहे. पाणी वर जाऊ द्यायचं, परत विहिरीत उतरू द्यायचं नाही. पाण्याला वजन आहे, त्यामुळे झडप पाण्याच्याच भाराने मिटते. विजेला असा भार नाही. तारेत प्रवाह कुठल्या दिशेने चालला आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि १९१९ साली तर ‘एकाच दिशेने वीज जाऊ देणारा’ असा स्वस्त, टिकाऊ, गाडीच्या धक्क्यांत तगणारा पदार्थ कुणाजवळ नव्हता. काही गाड्यांत हे काम चालकाच्याच गळ्यात होतं: इग्निशनचं बटण बंद केलं की जनरेटरही तुटे. विसरलात तर बॅटरी गेली. काहींनी वेगावर उघडमीट होणारे, फिरत्या वजनांचे खटके करून पाहिले. पण वेग ही खरी खूण नव्हेच. उतरलेल्या बॅटरीला कमी वेगातही वीज देता येते, भरलेलीला जास्त वेग लागतो.

तेव्हा विद्युतचुंबक. जनरेटरच्या दोन टोकांमध्ये बारीक तारेचं पुष्कळ वेढ्यांचं वेटोळं लावायचं. जनरेटरचा दाब वाढला की वेटोळ्यातला प्रवाह वाढतो, गाभ्यात चुंबकत्व येतं, ते स्प्रिंगविरुद्ध लोखंडी पट्टी ओढतं, पट्टीवरचे पॉइंट मिटतात आणि जनरेटर बॅटरीला जोडला जातो. मॉडेल टीमध्ये टॉप गिअरला ताशी १० मैलांच्या आसपास हे घडावं अशी योजना होती. इथवर कुणालाही सुचेल असं आहे. तारायंत्रवाल्यांनी असल्या रिले कित्येक दशकं आधीपासून वापरल्या होत्या.

आता इंजिन बंद करा. जनरेटरचा दाब शून्यावर यायला हवा, वेटोळं निष्प्राण व्हायला हवं, पट्टी सुटायला हवी. पण पॉइंट मिटलेले आहेत! मिटलेल्या पॉइंटांमधून बॅटरीचा ६ व्होल्टचा दाब त्याच वेटोळ्यावर येऊन बसतो. वेटोळ्याला वीज कोण देतंय हे कळत नाही. जनरेटर मेला, तरी बॅटरी त्याला धरून ठेवते आणि पट्टी सुटत नाही. ज्याला प्रवाह तोडायचा आहे तो खटका त्याच प्रवाहावर जगतो आहे. पहिल्यांदा ही अडचण नीट समजते तेव्हा आपण थोडे हबकतो, कारण कागदावर काढलेलं ते साधं चित्र बिनचूक दिसत असतं.

उत्तर दुसऱ्या वेटोळ्यात आहे. हे जाड तारेचं, मोजक्या वेढ्यांचं, आणि बॅटरीकडे जाणारा सगळाच्या सगळा प्रवाह यातून जातो. ते त्याच गाभ्यावर गुंडाळलेलं असतं, आणि अशा दिशेने, की चार्जिंगचा प्रवाह चालू असताना त्याचं चुंबकत्व बारीक तारेच्या चुंबकत्वात मिळावं. प्रवाह उलटला की? बारीक वेटोळ्यात वीज पूर्वीच्याच दिशेने वाहत राहते, कारण दाबाची धन बाजू बदललेली नाही. जाड वेटोळ्यातली मात्र उलट वाहू लागते. दोन चुंबकत्वं आता एकमेकांना खाऊ लागतात. गाभ्याची ओढ घटते आणि स्प्रिंग पट्टी सोडवून घेते.

इथे एक क्षण थांबावंसं वाटतं. या डबीत मोजणारं काही नाही, आठवणारं काही नाही. दाब किती आणि प्रवाह कुठे, या दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच लोखंडाच्या तुकड्यात जमा होतात आणि त्यांची बेरीज किंवा वजाबाकी होते. निकाल लागतो तो स्प्रिंगच्या ताणाशी तुलना होऊन. आणि एकच जाड वेटोळं दोन्ही कामं करतं: वीज योग्य दिशेने चालली असताना पट्टी अधिक घट्ट धरतं, चुकीच्या दिशेने वळताच तिला ढकलून देतं.

त्या घट्ट धरण्याला महत्त्व आहे. पॉइंट मिटण्याआधी जनरेटर मोकळा असतो, त्यामुळे त्याचा दाब, समजा, ६.८ व्होल्टपर्यंत चढतो. मिटताक्षणी बॅटरी त्याला खाली ओढते आणि दाब ६.३-६.४वर येतो. म्हणजे ज्या ओढीने पट्टी आली तीच ओढ ती येताच कमी झाली. जाड वेटोळं नसतं तर डळमळत्या जुळणीच्या कटआउटची पट्टी तिथेच थरथरत राहिली असती.

तत्त्व समजलं, आता कारागिरी. खरं सांगायचं तर तत्त्वापेक्षा ती जास्त रंजक आहे, आणि कटआउट चांगलं की वाईट हे तीच ठरवते.

पहिला मुद्दा फटीचा. चुंबकाची ओढ अंतराबरोबर भलत्याच वेगाने बदलते. लोखंडाचा चुंबकीय रोध बाजूला ठेवला तर फट निम्मी झाल्यावर त्याच प्रवाहात ओढ चौपट होते. समजा पट्टी ६.८ व्होल्टला ओढली गेली आणि मिटल्यावर गाभ्याशी तिचं अंतर निम्मं झालं. आता तिला धरून ठेवायला वेटोळ्यातला निम्मा प्रवाह पुरेल, म्हणजे ती ३.४ व्होल्टच्या आसपास सुटेल. बॅटरी तर ६.२वर आहे! मधला सगळा फरक जाड वेटोळ्याने उलट्या प्रवाहातून कापून काढायचा. वेढे मोजकेच, म्हणजे उलटा प्रवाह बराच मोठा झाल्याशिवाय सुटका नाही. दर थांब्याला बॅटरीची थोडी लूट ठरलेली, आणि पॉइंट तुटताना ठिणगीही मोठी.

फट जास्त ठेवली तर? पट्टीचा प्रवास तेवढाच, पण मिटल्यावरही ती गाभ्यापासून पुरेशी लांब. समजा उघडी असताना फट १ मिलिमीटर आणि मिटल्यावर ०.८. मग सुटण्याचा आकडा ५.४ व्होल्टच्या आसपास येतो. बॅटरीच्या ६.२पासून ते अंतर फार नाही, आणि मंदावत जाणाऱ्या इंजिनात थोडासा उलटा प्रवाहही पुरतो. पट्टी खाली येताना स्प्रिंग अधिक ताणली जाते, त्याने सुटण्याचा आकडा आणखी थोडा वर सरकतो. पण अंतर जास्त म्हणजे ओढ कमी, ओढ कमी म्हणजे पॉइंटांवरचा दाब कमी, आणि सैल टेकलेले पॉइंट तापतात. मग बारीक तारेचे वेढे वाढवा. डबीत जागा नाही. तार आणखी बारीक करा. ती तापते, तुटते. इकडे हात लावला की तिकडे हलतं. कटआउट सुधारणं म्हणजे या ओढाताणीत मिलिमीटरच्या दशांशांशी खेळणं. पुढच्या काळातल्या डेल्को-रेमीच्या ६ व्होल्टच्या कटआउटांमध्ये गाभ्याशी फट आणि पॉइंटांमधलं अंतर, दोन्ही ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवायला सांगत. तीन-चार पोस्टकार्डांची जाडी नाही ही.

दुसरा मुद्दा इवलासा आहे आणि माझा सर्वांत आवडता. गाभ्याच्या तोंडावर किंवा पट्टीच्या खालच्या अंगाला पितळेची एक बारीक टिकली किंवा रिबिट मारलेलं असतं. चुंबकाला पितळ म्हणजे हवाच. मग तिचा उपयोग काय? लोखंड लोखंडाला प्रत्यक्ष टेकू नये, एवढाच. प्रवाह गेला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व मागे राहतं. मध्ये फट असेल तर ते किरकोळ ठरतं. पण दोन सपाट पृष्ठभाग एकदा चिकटले की तेवढं शिल्लक चुंबकत्वही पट्टी धरून ठेवायला पुरतं.

गंमत अशी, की डबीच्या खाली बसलेला जनरेटर त्याच शिल्लक चुंबकत्वावर जन्म घेतो. त्याच्या आत कायमचा चुंबक नाही. फिरायला लागतो तेव्हा ध्रुवांच्या लोखंडात मागच्या खेपेचं जे पुसट चुंबकत्व राहिलेलं असतं, त्यातून नावापुरती वीज निघते. ती ध्रुवांच्या वेटोळ्यांत जाऊन चुंबकत्व वाढवते. त्याने वीज वाढते, आणि असं करत यंत्र स्वतःलाच उभं करतं. ही कल्पना १८६७च्या १४ फेब्रुवारीला लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एकाच दिवशी दोन निबंधांतून मांडली गेली, एक सीमेन्सचा, दुसरा व्हीटस्टनचा. लोखंडाचा जो गुण खालच्या यंत्राचा प्राण, तोच वरच्या डबीत पितळेच्या टिकलीने अडवून ठेवायचा. दोघांमधलं अंतर चार बोटं.

तिसरा मुद्दा पट्टी कुठल्या व्होल्टेजला मिटावी. हे स्प्रिंगने ठरतं. तिची आकडी किंचित वाकवायची, की झालं. आकडा बॅटरीच्या स्वतःच्या दाबाहून थोडा वर हवा. तो खाली गेला तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. समजा पट्टी ५.८ला मिटली आणि बॅटरी ६.२वर आहे. मिटताक्षणी बॅटरीच जनरेटरवर धावून येते. प्रवाह उलटा, जाड वेटोळं ढकलतं, पॉइंट उघडतात. उघडल्याबरोबर जनरेटर मोकळा होतो, त्याचा दाब पुन्हा ५.८ला जातो, पट्टी पुन्हा मिटते. हळू चालणाऱ्या गाडीत डबी अशी टकटकायला लागली की पॉइंट काळे पडून जळालेच म्हणून समजा.

उलट, जुळणी नेमकी असेल तर पॉइंट आश्चर्य वाटावं इतके टिकतात, आणि त्याचं कारण सुंदर आहे. इंजिन मंदावताना चार्जिंगचा प्रवाह घटत घटत शून्यावर येतो, मग किंचित उलटा होतो, आणि चांगलं कटआउट तिथेच सुटतं. त्या क्षणी तोडायचा प्रवाह थोडा असतोच, पण पॉइंटांच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरकही जेमतेम असतो, कारण जनरेटर आणि बॅटरी जवळपास सारख्याच पातळीवर असतात. ठिणगीला जगायला काही मिळतच नाही. आळशी कटआउट मोठ्या प्रवाहाला सुटतं, पॉइंट भाजतं, भाजलेले पॉइंट चिकटू लागतात, आणि ते आणखी आळशी होतं.

चिकटलं तर बॅटरी रिकामी, हे झालं. पण मिटलंच नाही तर? साध्या बुद्धीला वाटेल की चार्जिंग होणार नाही, एवढंच. मॉडेल टीच्या जनरेटरची गोष्ट वेगळी आहे, आणि त्यासाठी त्याच्या तिसऱ्या ब्रशकडे वळावं लागतं. दोन मुख्य ब्रश, आपल्या गॅरेजांतले ‘कार्बन’, वीज बाहेर नेतात. ध्रुवांच्या वेटोळ्यांना वीज मिळते ती कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या वलयावर, मध्येच टेकलेल्या एका तिसऱ्या, सरकवता येणाऱ्या ब्रशमधून. जनरेटर वीज देऊ लागला की त्याच्या फिरत्या वेटोळ्यांचं स्वतःचं चुंबकत्व मूळ क्षेत्राला पीळ देतं, आणि प्रवाह जितका जास्त तितका हा पीळ जास्त. चुंबकत्वाचा भर तिसऱ्या ब्रशच्या हद्दीतून सरकून जातो, ध्रुवांना मिळणारी वीज घटते, आणि जनरेटर आपोआप आवरला जातो. फोर्डच्या गाडीत ताशी २० मैलांच्या सुमारास चार्जिंग सर्वांत जास्त असावं आणि त्याहून वेग वाढला तरी ते चढू नये, हे या पिळामुळे साधे. एकही जास्तीचा खटका नाही.

पण पीळ पडायला प्रवाह वाहायला हवा. कटआउट मिटलं नाही, तार तुटली, बॅटरी काढली, की जनरेटरचा लगाम सुटला. दाब वाढेल, ध्रुवांना जास्त वीज, आणखी दाब, असं करत वेटोळी जळून वास येईपर्यंत. म्हणून फोर्डच्या पुस्तिकेत एक विलक्षण सूचना होती: बॅटरी दुरुस्तीला दिली असताना इंजिन चालवायचं असेल तर जनरेटरच्या टोकाला तार लावून ती सरळ इंजिनच्या लोखंडाला जोडून टाका. म्हणजे जनरेटर शॉर्ट करा! विजेचं काही येणाऱ्या माणसाच्या अंगावर काटा येईल अशी ही सूचना. पण ती बरोबर होती. टोक इंजिनच्या लोखंडाला टेकलेलं असलं की दाब उभाच राहत नाही, ध्रुवांना वीज मिळत नाही, आणि ते पुसट शिल्लक चुंबकत्व पुसटच राहतं. जनरेटर फिरत राहतो, जागा होत नाही.

या तिसऱ्या ब्रशने बॅटरीचे हालही केले. बॅटरी भरली की रिकामी हे त्याला कळत नसे. दिवसभराच्या लांब प्रवासात भरलेल्या बॅटरीतही तो वीज कोंबत राही आणि आतलं पाणी उकळून जाई. जाणते चालक म्हणूनच भर दुपारी दिवे लावून गाडी हाकत. उन्हाळ्यात ब्रश मागे, हिवाळ्यात पुढे, हा उपद्व्याप वेगळाच.

उन्हाळ्यावरून चौथा मुद्दा आठवला: ऊन. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. इंजिनाच्या अंगाशी बसलेली डबी सकाळच्या मानाने ५० अंशांनी तापली, असं धरा. बारीक वेटोळ्याचा रोध जवळपास २० टक्क्यांनी वाढला, प्रवाह त्या प्रमाणात उतरला, आणि सकाळी ६.६ला मिटणारी पट्टी आता ७.९ व्होल्ट मागू लागली. थंड कारखान्यात जुळवलेला आकडा तापल्या गाडीत खरा राहत नाही. एक उपाय असा, की वेटोळ्याला जोडून अशी मिश्रधातूची तार घालायची जिचा रोध उष्णतेने फारसा बदलत नाही. एकूण रोधात तांब्याचा वाटा कमी, म्हणून घोळही कमी. त्याची किंमत म्हणजे तेवढा दाब वाया. दुसरा उपाय पुढच्या काळातल्या रेग्युलेटरांत रूढ झाला आणि तो बेरकी आहे: पट्टीची बिजागरीच दोन धातूंच्या जोडपत्र्याची करायची. ऊन लागलं की जोडपत्रा स्वतः वाकतो आणि स्प्रिंगचा ताण तेवढाच सैल करतो. वेटोळं अशक्त झालं, तर त्याचं ओझंही हलकं झालं.

१९३०च्या दशकात तिसऱ्या ब्रशची सद्दी ओसरू लागली. त्याच्या जागी कटआउटशेजारी आणखी एक तसाच चुंबक आला, जो सेकंदाला कित्येक डझन वेळा थरथरत ध्रुवांची वीज तोडे-जोडे आणि दाब धरून ठेवी. पुढे प्रवाहावर नजर ठेवणारा तिसराही आला. बर्मिंगहॅमच्या लुकासचे असले काळे डबे आपल्या ॲम्बॅसॅडरमधून आले, कुर्ल्याच्या फियाटमध्ये इटालियन घाटाचे. मुंबईचा या घराण्याशी संबंध त्याहून जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, तेव्हा त्या प्रत्येक शेवरोलेबरोबर एक कटआउट बंदरात उतरत होतं.

मग सिलिकॉन आलं. क्रायसलरने १९६०च्या व्हॅलियंटवर जनरेटरऐवजी अल्टरनेटर दिला. अल्टरनेटरची उलटसुलट वीज सरळ करायला त्यात डायोड घालावेच लागतात, आणि डायोड वीज परत फिरू देत नाही. कटआउटला पर्याय शोधायला कुणी बसलंच नाही; दुसऱ्याच कामासाठी आणलेल्या वस्तूने ते काम जाता जाता उरकलं.

मॉडेल टी आजही हौसेने चालवल्या जातात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांत जुन्या पत्र्याच्या डबीत आता डायोड दडलेला असतो. झीज नाही, जुळणी नाही. पण फुकट काही मिळत नाही. सिलिकॉनचा डायोड स्वतःसाठी सुमारे ०.७ व्होल्ट ठेवून घेतो. १२ व्होल्टच्या गाडीत ते खपून जातं, ६ व्होल्टच्या गाडीत तो नवव्या हिश्शाहून जास्त होतो. १० ॲम्पिअर वाहत असतील तर ७ वॉट त्या डबीत नुसते तापतात. ही तूट टाळायची तर मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर वापरतात. त्याचा रोध नगण्य, पण तो दोन्ही दिशांना वाहू देतो, त्यामुळे दिशा ओळखून त्याला बंद करणारं एक सर्किट लागतं, जे दोन टोकांमधले काही मिलिव्होल्ट वाचत बसतं. जाड तारेच्या त्या मोजक्या वेढ्यांचंच काम.

डायोड घालणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते. जुन्या कटआउटच्या बारीक वेटोळ्याला धन-ऋण कळत नाही. चुंबकाची ओढ दोन्ही दिशांना सारखीच. म्हणून दुरुस्तीत ठोकाठोकीने किंवा चुकीच्या जोडणीने जनरेटरच्या ध्रुवांतलं शिल्लक चुंबकत्व उलटं झालं, तर तो उलट्या खुणेची वीज बनवतो, पट्टी निमूट मिटते, आणि जनरेटर व बॅटरी एकमेकांच्या जोडीने एकाच दिशेला ढकलू लागतात. पॉइंट कडकडतात आणि बहुधा वितळून चिकटतात. म्हणून जुने मेकॅनिक जनरेटर बसवला की इंजिन सुरू करण्याआधी कटआउटचं झाकण काढून पॉइंट बोटाने क्षणभर दाबत. बॅटरीची वीज ध्रुवांतून गेली, की लोखंडाला योग्य दिशा मिळाली. डायोडच्या डबीत दाबायला पॉइंटच नाहीत. तिथे बॅटरीकडच्या टोकावरून जनरेटरकडच्या टोकाला तार टेकवावी लागते, आणि टेकवून लगेच उचलायची. धरून ठेवली तर जनरेटर मोटर व्हायला बघतो आणि तार हातात तापते.